घाटच दिसला नाही तर उतरणार कुठून?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चौघं सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून सतराव्या शतकातल्या सह्याद्रीवर स्ट्रॅटेजी गेम करतोय. खाली कोकणातली बंदरं, वर देश, मधे घाट आणि किल्ले. पाच महिने झाले. नकाशा असा झालाय की बघणारा बघतच राहतो. ढगांच्या सावल्या सरकतात, पावसाळ्यात धबधबे सुरू होतात, झूम केलं की झाडं हलतात. खेळ म्हणाल तर सैन्य इथून तिथे जातं, एवढंच. आमच्यातले दोघं म्हणतात, स्क्रीनशॉट बघून माणूस थांबला पाहिजे, बाकीचं नंतर. तिसरा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या जुन्या गेमचं नाव घेतो आणि म्हणतो, नुसती अक्षरं असली तरी चालतं. गाइड सरांचं म्हणणं, एक्स्टर्नलला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना, दाखवायला काहीतरी चकाचक हवं. परीक्षा मे महिन्यात आहे. आधी काय करायचं?
— चौघे, सांगली

उत्तर : आधी माझी फजिती ऐका, मग तुमचं बघू.

मी चिपळूणची. कुंभार्ली घाट मला पाठ आहे. लहानपणी कराडला मामाकडे जाताना एसटीच्या खिडकीतून त्या घाटात मी काय काय सोडलंय ते इथे लिहायला नको. त्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्टुडिओत सह्याद्रीचा नकाशा करायचं काम आलं तेव्हा मी जीव ओतला. सात महिने. कातळाचा काळा वेगळा, कारवीचा हिरवा वेगळा, आणि दऱ्यांमधून वर चढणारं धुकं. त्या धुक्यावर एकटीने तीन आठवडे घालवले होते.

चाचणीला आम्ही अकाउंट्समधले काका बसवले, कारण त्यांनी आयुष्यात पत्त्यांपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. काम सोपं होतं : शत्रू कोकणातून वर येतोय, त्याला घाटात अडवा. काकांचा माउस महाबळेश्वरपासून आंबा घाटापर्यंत कड्याच्या धारेवरून खाली गेला. परत वर आला. परत खाली. चार मिनिटं. मग त्यांनी मागे वळून अगदी अदबीने विचारलं, "ताई, घाट कुठंय?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा काय काका, ती दरी दिसतेय ना, धुक्याखाली." काका म्हणाले, "मग धुकं जरा बाजूला करता येईल का?"

खोलीत सगळे हसले. मी सोडून.

दुरुस्ती दोन दिवसांची होती. खिंड खरी आहे त्याच्या कित्येक पट रुंद केली, वाटेला फिकट पिवळा रंग दिला, तिच्यावरचं धुकं काढून टाकलं. यात लबाडी वाटत असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा उघडा. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. म्हणजे १ मिलिमीटर जाडीची रेघ काढली की रस्ता ५० मीटर रुंद झाला! आपल्याकडच्या कुठल्या घाटातला रस्ता एवढा रुंद आहे? पण रस्ता मापात काढला तर दिसणारच नाही, म्हणून नकाशा करणारे तो फुगवतात, आणि आपण त्यांचे आभारच मानतो.

खरी गंमत मात्र त्यानंतर झाली. घाट दिसू लागल्यावर काकांनी सगळं सैन्य तिथे नेऊन बसवलं आणि जिंकले. दुसऱ्यांदा तेच, जिंकले. तिसऱ्यांदा खेळायला ते आलेच नाहीत, म्हणाले, "त्यात आता काय राहिलंय?" बरोबर होतं त्यांचं. वाट एक, उत्तर एक. आमच्याकडे खेळच नव्हता, आणि ते सात महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नकाशा इतका देखणा होता की त्याच्याकडे बघण्यातच आम्हाला खेळल्यासारखं वाटत होतं. तो गेम बाजारात आला नाही.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : "पावसाळ्यात धबधबे सुरू होतात." छान. घाट बंद होतो का? नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरातली जहाजं अडकून पडतात का? सैन्यं दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची वाट बघत छावणीत बसतात का, आणि बसली तर त्यांना चार महिने खायला घालायचं कुणी? यातलं काहीच होत नसेल तर तुमचा पाऊस म्हणजे लग्नाच्या हॉलमधला प्लॅस्टिकचा धबधबा आहे. आणि होत असेल, तर तोच धबधबा एकदम कामाचा होतो. खेळणाऱ्याने धबधबा पाहिला की त्याला कळावं, आता ही वाट गेली. मग त्या धबधब्यावर खुशाल महिनाभर घाला, मी काही बोलणार नाही.

ग्राफिक्स आधी की गेमप्ले आधी, या भांडणात मला म्हणूनच फारसा रस नाही. मुळात नकाशे दोन असतात. एक गेम वाचतो तो, आणि दुसरा डोळ्यांना दिसतो तो. पहिला झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

हा पहिला नकाशा बघायचाय? स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा २०१३ चा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' कुणाकडे असेल तर त्याच्या 'मॅप' फोल्डरात 'प्रोव्हिन्सेस' नावाचं बिटमॅप चित्र आहे, ५६३२ बाय २०४८ पिक्सेलचं. उघडलंत तर वाटेल, कुणी गोधडीवर रंग सांडलेत. प्रत्येक प्रांताला एक आणि एकच रंग. दोन प्रांतांचा रंग सारखा नाही. खेळणाऱ्याला हे चित्र जसंच्या तसं कधीच दिसत नाही, पण गेम चालतो त्यावर. कोणता प्रांत कोणाला चिकटलाय, सैन्य कुठून कुठे जाऊ शकतं, हे बहुतेक सगळं हे रंग एकमेकांना कुठे टेकतात यावरून ठरतं. मी हौसेने त्यात फेरफार करायला बसले तेव्हा चित्रकाराच्या सवयीने मऊ ब्रश वापरला. मऊ ब्रश कडेला दोन रंगांचं मिश्रण करतो. म्हणजे दोन प्रांतांच्या सीमेवर कुठल्याच प्रांताचे नसलेले शेकडो रंग तयार झाले, आणि गेमने चुकांची यादी तोंडावर फेकली. तिथे पेन्सिल लागते, कडक कडेची. जो नकाशा गेम वाचतो तो सुंदर करायला गेलं की मोडतो, हे मी त्या रात्री शिकले. तुमचं असं गोधडीचं चित्र आहे का? की सैन्य तुमच्या थ्रीडी डोंगरावरून उतार मोजत चालतं? तसं असेल तर कोकणकड्यावरून घोडदळ उतरवणारा खेळाडू तुम्हाला लवकरच भेटेल.

तुमच्या तिसऱ्या मित्राला सांगा की त्याचं उदाहरण अर्धंच खरं आहे. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' २००६ साली आला तो खरंच अक्षरांचा. बुटका म्हणजे एक हसरा चेहरा, मांजर म्हणजे इंग्रजी सी. तरी न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने २०१२ मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला. पण त्या सगळ्या वर्षांत खेळणारे काय करत होते? गेम उतरवला की पहिलं काम म्हणून कुणीतरी काढलेली छोटी चित्रं त्या अक्षरांच्या जागी बसवत होते. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांची अधिकृत आवृत्ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आली आणि लाखो प्रती खपल्या. आतला खेळ जवळपास तोच. म्हणजे खेळ भक्कम असेल तर चित्रं सोळा वर्षांनी आली तरी चालतं, हे खरं. पण चित्रांची भूक नव्हती, हे खोटं.

उलट्या बाजूचं उदाहरणही पॅराडॉक्सचंच, 'इम्परेटर : रोम', एप्रिल २०१९. ब्रिटनपासून आपल्या भारतापर्यंतचा नकाशा, आणि नकाशाचं कौतुक गेमला शिव्या देणाऱ्यांनीही केलं. शिव्या कशाला? तर गुण साठवायचे, बटण दाबायचं, लोकांचा धर्म तिथल्या तिथे बदलला. वाट बघणं नाही, किंमत मोजल्याची टोचणी नाही. कंपनीने पुढे ती गुणांची पद्धतच काढून टाकली, फेब्रुवारी २०२१ मध्ये २.० आवृत्तीत बरंच काही नव्याने बांधलं, आणि त्यानंतर काही महिन्यांत काम थांबवलं. या सगळ्यात नकाशा मात्र होता तसाच जागेवर राहिला. घर चांगलं, पाया खणायचा राहिला होता.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्या दोन्ही एकदम करतात. करतात, कारण त्यांचे हात वेगळे असतात. पाणी रंगवणाऱ्याला उद्यापासून शत्रूची बुद्धी लिहायला बसवता येत नाही. म्हणून "ग्राफिक्सवर वेळ घालवला म्हणून एआय मठ्ठ राहिलं" हा खेळाडूंचा आवडता आरोप मोठ्या स्टुडिओबाबत बऱ्याचदा लागू पडत नाही. संगणकाचंही तसंच : झाडं ग्राफिक्स कार्ड हलवतं, शत्रूचा विचार प्रोसेसर करतो, आणि चाल संपायला मिनिट लागतं ते बहुतेक वेळा झाडांमुळे नसून प्रांत आणि सैन्यं वाढल्यामुळे. पण तुम्ही चौघं आहात, आणि त्यातले दोघं ढगांच्या सावल्यांत गुंतलेत. तुमच्याबाबतीत तो आरोप शंभर टक्के लागू.

हा वाद काही आपल्या पिढीचा नाही. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला रायस्विट्झ नावाच्या सरदाराने युद्धाचा खेळ भेट दिला : लाकडी कपाटासारखं मोठं टेबल, खणांत सोंगट्या, आणि डोंगर-नद्यांचे रंगवलेले उठावाचे चौकोन हवे तसे मांडायचे. राजघराणं खेळून खूश. पण तो राजवाड्यातच राहिला. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, ते सगळं फेकून साधा कागदी नकाशा घेतला, १:८००० चा, आणि डोकं लावलं ते नियमांवर. तो खेळ प्रशियाच्या लष्करात पसरला. बापाचं टेबल आज बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात बघायला मिळतं. देखणं आहे.

तर मे महिन्यापर्यंत काय करायचं? लॅपटॉप दोन दिवस बंद. हॉस्टेलच्या फरशीवर खडूने नकाशा काढा : पाच बंदरं, पाच गावं वर, मधे चार घाट. नाणेघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा, एवढे पुरेत. सैन्याला चिंचोके, धान्याला शेंगदाणे (खाऊ नका, हिशेब चुकतो). दोघं खेळा, दोघं बघा. आणि एकच गोष्ट तपासा : खेळणारा कुठे अडतो? म्हणजे चिंचोके हातात धरून, ओठ चावत, "इथे ठेवू की तिथे" असं कुठे करतो? ती जागा सापडली की खेळ सापडला.

ती जागा बहुधा घाटातच असेल. फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखान कोकणात उतरताना बोरघाटाची रुळलेली वाट सोडून उंबरखिंडीच्या अरुंद वाटेला गेला, आणि शिवाजी महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडलं. त्याच्यापुढे वाटा दोन होत्या आणि महाराजांना तो कुठली धरतो याची खबर होती. माझ्या काकांपुढे वाट एकच होती. फरक एवढाच, पण पहिल्यात खेळ आहे. आणि धुकं तिथे ठेवा जिथे ते खरंच काही लपवतं, शत्रूचे चिंचोके किती आहेत ते. वाट लपवणारं धुकं नको.

राहिले एक्स्टर्नल. त्यांच्यासाठी युक्ती सांगते : सगळा नकाशा साधा, सपाट रंगांचा ठेवा आणि एकच घाट पूर्ण चकाचक करा. तो उघडून दाखवा, आणि मग म्हणा, "सर, आता तुम्ही अडवून दाखवा." सरांचा माउस वर-खाली फिरला तर मला कळवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६७. नातवाबरोबर 'एज ऑफ एम्पायर्स २'ची नवी आवृत्ती खेळतो. झाडं इतकी सुंदर केली आहेत की त्यांच्यामागे माझी माणसं हरवतात आणि नातू येऊन गाव जाळून जातो. हा दोष वयाचा की गेमचा? दुसरं, नातवाच्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये षटकोनी घरं आहेत. बुद्धिबळासारखे चौकोन का नकोत?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : काका, दोष झाडांचाच. विश्वास बसणार नाही, पण स्पर्धा खेळणारी विशी-बाविशीची पोरंही ती झाडं कापून टाकतात. गेमच्या मुख्य पडद्यावर 'मॉड्स'मध्ये (खेळाडूंनीच केलेले फेरफार तिथे असतात) जा, 'स्मॉल ट्रीज' शोधा आणि ते चालू करा. सागवानाची रोपवाटिका होते. जंगल कुठे विरळ आहे, भिंतीला फट कुठे राहिली, सगळं दिसतं. जमिनीवर चौकटी आखणारं मॉडही तिथेच मिळेल, तेही घ्या. खेळ तसूभर बदलत नाही, बदलतं ते फक्त चित्र. नातवाने "ही चीटिंग आहे" म्हटलं तर त्याला सांगा, तू पण लाव.

षटकोनाचं गणित तुम्ही वर्गात शिकवलेलंच आहे. चौकोनाच्या घरातून सरळ गेलं तर अंतर १, कर्णाने गेलं तर १.४१. चाल मात्र दोन्हीकडे एकच मोजायची, म्हणजे तिरकं जाणारा फुकटात ४१ टक्के पुढे. षटकोनाला शेजारी सहा आणि सगळे सारख्याच अंतरावर. पुठ्ठ्यावरच्या युद्धखेळांत हे १९६१ पासून रूढ झालं. 'सिव्हिलायझेशन' १९९१ मध्ये चौकोनांवर सुरू झाला आणि २०१० च्या पाचव्या भागात षटकोनांवर गेला. त्याच भागात एका घरात एकच फौज असा नियम आला, तेव्हापासून खिंडीत फौजांची जी कोंडी होते ती गणपतीतल्या लक्ष्मी रोडची आठवण करून देते.

जाता जाता : नातवाकडे सहावा भाग, २०१६ चा असेल तर तो तुमच्या डोळ्यांना बरा पडेल. त्याला "कार्टून झालाय" म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण शाळा-विद्यापीठाचा भाग निळा, बाजार पिवळा, कारखाने नारिंगी, असं सगळं लांबून ओळखू येतं. मला तरी त्या रंगांत कारागिरी दिसते.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. 'एम्पायर : टोटल वॉर' मी अजून मराठे घेऊन खेळतो. २००९ चा गेम, पण नकाशा आजही डोळ्यांत भरतो. एक कळत नाही : भारतात एवढे प्रांत, आणि अख्खा फ्रान्स एकच प्रांत. पॅरिस घेतलं की फ्रान्स खलास. हा आळस म्हणायचा का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : आळस नसावा, सौदा असावा. त्या गेममध्ये अमेरिका, युरोप आणि भारत अशी तीन युद्धक्षेत्रांची मांडणी आहे. प्रांत वाढवला की त्याच्याबरोबर राजधानी, कर, बंडाळी, आणि संगणकाला दर चालीत करायचा विचार, हे सगळं वाढतं. फ्रान्समध्ये शेतं, बंदरं, छोटी गावं नकाशावर वेगवेगळी दिसतात, जाळताही येतात, त्यामुळे देश मोठा वाटतो. हिशेबात मात्र सगळं पॅरिसच्या एका खात्यावर. दिसायला वीस, मोजायला एक. नकाशाने खेळातली पोकळी झाकण्याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

पण मराठे खेळणाऱ्याची खरी गैरसोय दुसरीच होती. गेम आला तेव्हा संगणकाचे खेळाडू समुद्र ओलांडून सैन्य उतरवतच नसत; ते पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे कंपनीने नंतर दिलेल्या दुरुस्तीत, सुधारलं. समुद्र काय सुंदर, शिडं काय सुंदर, आणि किनाऱ्यावर कुणी येतच नाही! १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले होते, आणि हात हलवत परत गेले. तेव्हाच्या गेममध्ये कान्होजींना दिवसभर अलिबागच्या वाळूत बसून लाटा मोजाव्या लागल्या असत्या. पॅच घातला नसेल तर घाला, मग बंदरांत तोफा ठेवाव्या लागतील.

प्रश्न : माझ्या भावाला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. स्ट्रॅटेजी गेममध्ये तो मित्रावरच हल्ला करतो. उपाय?
— अकोला

उत्तर : सेटिंग्जमध्ये रंगांधळेपणासाठी पर्याय असेल तर तो आधी लावा, नसेल तर दोन बाजूंना निळा आणि पिवळा द्या, ही जोडी बहुतेकांना दिसते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना हा त्रास असतो, म्हणजे तुमचा भाऊ काही एकटा नाही. सांगलीकर चौघे हे वाचत असतील तर : आदिलशाहीला हिरवा आणि जंगलालाही हिरवा दिला असेल, तर आजच बदला. आणि झेंड्यांचे आकार वेगळे ठेवा. मराठ्यांच्या झेंड्याला दोन टोकं आहेतच, ती रंग न दिसणाऱ्यालाही मोजता येतात.